ओलं काम आधी, रिबन सगळ्यांत शेवटी

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि रुखवतात मांडायला आठवणींची वही करायची आहे: आयव्हरी शीटची (गुळगुळीत कार्डाची) ए-५ आकाराची पानं, त्यांवर शाईचे रंग, रबरी ठसे, आजीच्या जुन्या पत्रांचे तुकडे, फोटो आणि प्रत्येक पानावर सॅटिनची रिबन. काम पावसाळ्यातच सुरू झालं आणि तक्रारी चार आहेत. पानं वाळल्यावर लाटा धरतात. ठशाची काळी रेघ वरून रंग दिला की विरघळते. रिबनवर फेविकॉलचे काळपट डाग उमटतात. रिबनची टोकं उसवतात. परदेशी शाई आणि महागडा कागद मागवला तर हे सुटेल का, असं शेवटी विचारलं आहे.

ताई, सामान बदलून यातलं थोडंच सुटेल. चारांतल्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. कागदात किती पाणी गेलं, ते बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळाला का, आणि ते बाहेर पडण्याआधी वर काय चिकटवलं गेलं, एवढं सांभाळलंत तर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडच्या सामानातूनही वही देखणी होईल. म्हणून कामाचा क्रम आधी सांगते. सगळ्या पानांवरचं सगळं ओलं काम एकदाच उरकायचं. मग पानं वाळवून दाबाखाली सपाट करायची. त्यानंतर ठसे, पत्रांचे तुकडे, फोटो. रिबन अगदी शेवटी. तुम्ही एकेक पान हाती घेऊन रिबनसकट पूर्ण करताय, असं वर्णनावरून वाटतं. एखाद्या भेटकार्डाला ते चालतं, वहीला नाही.

आता कागद. ओला झाला की त्यातले तंतू फुगतात, आणि लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त फुगतात. कारखान्यातल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. प्रेसमधली माणसं त्या दिशेला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या आडवा कागद जास्त पसरतो, उभा कमी, आणि या फरकामुळे लाट उठते. ग्रेन ओळखायला शीट हातात धरून आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून बघा. जिकडून सहज वाकते, त्या घडीच्या रेषेत ग्रेन असतो. वहीची पानं कापताना ग्रेन कण्याला, म्हणजे बांधणीच्या कडेला, समांतर ठेवा. पानं नीट उलटतात, घडीवर कागद फाटल्यासारखा दिसत नाही आणि दमट हवेत कण्याजवळ सुरकुत्या पडत नाहीत. आपल्या हस्तकलेच्या वर्गांत हे सहसा कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, त्यावर ओलं काम करू नका. तुम्ही आयव्हरी शीट वापरताय. ठसे आणि चिकटकाम यांना ती उत्तम, कारण गुळगुळीत आहे. पण तीच गुळगुळीत बाजू पाणी एकसारखं पीत नाही, म्हणून रंगाचे डबक्यांसारखे डाग दिसतात. रंगाच्या पानांसाठी ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या. पूर्ण सुती घ्यायची गरज नाही, विद्यार्थी दर्जाचा चालेल. सगळी पानंही त्याचीच नकोत. रंगवलेला तुकडा पानापेक्षा सेंटिमीटरभर लहान कापून आयव्हरीवर चढवला की पान भरीव दिसतं आणि ओलं काम फक्त त्या तुकड्यापुरतं राहतं.

हातकागदाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो माझा सर्वांत आवडता कागद आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, आणि राजस्थानातल्या सांगानेरचा कागद तर देशभर जातो. कापडाच्या सुती कतरणीपासून केलेल्या या कागदात तंतू सगळ्या दिशांनी पडलेले असतात, त्यामुळे तो ओला झाला तरी चहूकडे साधारण सारखाच पसरतो. त्याच्या ओबडधोबड कडा रिबनशेजारी फार शोभतात, त्या कापू नका. मात्र हातकागद घेताना कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. थेंब क्षणभर गोल उभा राहिला तर कागदाला सायझिंग आहे, म्हणजे पाणी अडवणारा लेप दिलेला आहे. लगेच आत मुरला तर त्यावर शाईची रेघ टीपकागदावर फुटते तशी फुटणार. असा कागद घरी असेल तर टाकू नका. पारदर्शक ॲक्रिलिक मीडियम दुप्पट पाण्यात पातळ करून दोन्ही बाजूंनी एक हात द्या आणि वाळू द्या. जिलेटिनचं पाणीही चालतं, कपभर गरम पाण्याला अर्धा चमचा, पण ते प्राणिज असल्यामुळे अनेक घरांत चालणार नाही. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा इथल्या जुन्या कागदांना खळ देऊन दगडाने घोटत असत, आणि बोरूची शाई त्यावर नीट बसे. घोटण्याची युक्ती आजही लागू आहे. वाळलेल्या हातकागदावर स्वच्छ कागद ठेवून गुळगुळीत दगडाने किंवा चमच्याच्या पाठीने घासलं की पृष्ठभाग आवळतो आणि ठसा स्वच्छ उमटतो.

तुमची रेघ का विरघळते, हे शाईच्या जातीवर ठरतं. बाटलीवर किंवा पॅडवर काय लिहिलंय त्याने फसू नका, घरी चाचणी करा. एका पट्टीवर घरातल्या प्रत्येक शाईची रेघ ओढा, नाव लिहा, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वरून ओला ब्रश फिरवा. ही पट्टी कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवा. तुम्हाला दोन गट दिसतील. फाउंटन पेनची शाई, फोटो कलर, ऑफिसच्या शिक्क्याचं जांभळं पॅड हे सगळं पाण्याने पुन्हा जागं होतं, कारण त्यात विरघळणारा रंग असतो. काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, ॲक्रिलिक इंक, आणि पर्मनंट असं स्पष्ट लिहिलेली ठशांची पॅडं वाळल्यावर हलत नाहीत. तुम्ही ऑफिसचं काळं पॅड वापरलंय असं दिसतं. ते फाइलींसाठी बनलेलं आहे, त्यातलं ग्लिसरीन पॅड सुकू नये म्हणून घातलेलं असतं, आणि गुळगुळीत कागदावर ते आठवडाभरही हाताला लागतं. ठसा आधी आणि रंग नंतर असं हवं असेल तर पर्मनंट पॅड लागेलच, तो खर्च टाळू नका. नाहीतर रंग आधी देऊन पूर्ण वाळवा आणि ठसा वर उमटवा, मग साधं पॅडही चालेल, फक्त त्या पानाला पुढे पाणी लावायचं नाही.

विरघळणाऱ्या शाया मात्र वाईट समजू नका. पार्श्वभूमीसाठी त्यांच्यासारखं काही नाही. जलरंगाचा कागद स्वच्छ पाण्याने ओला करा, त्यावर निळ्या-काळ्या फाउंटन पेन शाईचे दोन थेंब टाका आणि हात मागे घ्या. शाईतले वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने कागदातून पसरतात, कडेला फिका आकाशी, कुठे गुलाबीसर छटा, मध्ये गडद. ओल्या रंगावर जाड मीठ भुरभुरलं की मिठाभोवती रंग गोळा होऊन चांदण्यांसारखे ठिपके राहतात. मीठ वाळल्यावर सगळं झटका, कारण उरलेलं मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पान कायम चिकट ठेवतं. निळ्याशेजारी केशरी किंवा लालशेजारी हिरवा ओल्यावर ओला लावू नका, मातकट होतो. मधे वाळू द्या. आणि एक जरूर लक्षात घ्या: या शाया उन्हात उडतात. वही बंद असते म्हणून चालतं, पण याच शाईचं नाव लिहून फ्रेम भिंतीवर लावाल तर ते फिकं होत जाणार. नावांसाठी कार्बनची काळी शाई किंवा पिगमेंट शाईच (न विरघळणाऱ्या रंगकणांची) घ्या. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, आत वाळली की पेन गेलं. बोरू किंवा टाक वापरा, आणि काम झाल्याबरोबर धुवा.

वाळवणं हा आपल्याकडचा खरा कठीण भाग. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात काय, ऐरोलीत खाडीच्या काठी काय, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. कागद हाताला कोरडा लागतो, आतून ओला असतो. पान गालाला लावून बघा. थंड लागलं तर अजून पाणी उडतंय. पंख्याखाली दोरीवर टांगण्यापेक्षा जाळीवर आडवं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा मिळते. घरात एसी असेल तर त्या खोलीत ठेवा, एसी हवेतली ओल काढतो. घाईच असेल तर हेअर ड्रायर एका वीतभर अंतरावरून फिरवत वापरा, एका जागी धरलात तर तिथेच पान उचलतं.

साधारण वाळलं, पण गालाला अजून किंचित गार लागतंय, अशा वेळी पान दाबाखाली घालायचं. पाठीमागून स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ताणल्या जातील. वर-खाली कोरे पांढरे कागद ठेवा (वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते), त्यावर सपाट फळी आणि फळीवर जड पुस्तकं. मधले कागद रोज बदला, कारण काढलेलं पाणी त्यांच्यातच असतं. दोन-तीन दिवसांत पान असं सपाट होतं की ते कधी ओलं होतं हे कळत नाही. पिगमेंट किंवा ॲक्रिलिकच्या कामावर बटर पेपर ठेवा, नाहीतर दाबाखाली ते वरच्या कागदाला चिकटेल. बांधलेल्या वहीतही समोरासमोर दोन ॲक्रिलिकची पानं आली तर मधे बटर पेपर हवाच. आपल्या दमट हवेत ती पानं एकमेकांना धरतात आणि उघडताना रंग सोलून निघतो.

मुखपृष्ठावरची नावं सोनेरी, उठावदार करायची असतील तर एम्बॉसिंग पावडर घ्या. सावकाश वाळणाऱ्या पिगमेंट किंवा एम्बॉसिंग शाईने ठसा उमटवायचा, वर पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, वितळवायची. हेअर ड्रायरने हे होत नाही, त्याची उष्णता कमी पडते आणि वारा पावडर उडवतो. पावसाळ्यात दमट कागदावर पावडर नको तिथेही चिकटून बसते, म्हणून ठसा मारण्याआधी हीट गन कोऱ्या कागदावरून एकदा फिरवा.

आता रिबन, आणि इथे मी घाई करणार नाही. तुमचे काळपट डाग हे फेविकॉलमधल्या पाण्याचे आहेत. सॅटिनचे धागे इतके बारीक आणि इतके जवळ असतात की पातळ गोंद त्यांच्यामधून वर चढतो आणि वाळल्यावर तिथली चमक मरते. फेविकॉल कमी लावूनही हे पूर्ण टळत नाही. म्हणून रिबन शक्यतो चिकटवायचीच नाही, अडकवायची. पानाच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत रिबनच्या रुंदीपेक्षा केसभर मोठी चीर कटरने पाडा, दुसऱ्या बाजूला तशीच. रिबन एका चिरेतून वर घेऊन दुसऱ्या चिरेतून खाली न्या आणि पानाच्या मागे दोन्ही टोकं दुहेरी टेपने बसवा. मागच्या बाजूला दुसरं पान चिकटवलं की टोकं झाकली जातात. ए-५ पानाला ६ किंवा १२ मिलिमीटरची रिबन पुरे, २५ची रिबन वहीच्या बंदाला ठेवा. बो पानावर बांधू नका. जेवणाच्या काट्यावर बांधून, सरकवून काढून, मग दोन टाके घालून किंवा फोम टेपच्या तुकड्यावर बसवा, सगळे बो एकसारखे येतात. ऑर्गंझाची पातळ रिबन आरपार दिसते, तिच्याखाली टेपसुद्धा नको, सुईदोराच वापरा. ग्लू गन जाड गाठीला चालते, पातळ सॅटिनवर तिचा उंचवटा दिसतो.

टोकं उसवू नयेत म्हणून आधी रिबन कशाची आहे ते ओळखा. वाटीभर पाणी शेजारी ठेवून चिमट्यात बारीक तुकडा धरा आणि ज्योतीला लावा. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सुती रिबन कागदासारखी जळते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. बाजारातली बहुतेक सॅटिन पॉलिएस्टर असते. ती तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापा आणि टोक मेणबत्तीच्या ज्योतीच्या शेजारून, ज्योतीत नव्हे, झरकन न्या. कडा वितळून बंद होते. सुती आणि रेशमी टोकांना हे चालत नाही. त्यांना पातळ फॅब्रिक ग्लूचं बोट आतल्या बाजूने लावा, किंवा मुद्दाम थोडी झालर काढून ठेवा, हातकागदाच्या कडेशी ती छान जुळते.

हीच चाचणी रिबन रंगवण्यासाठीही कामाची. पानावरच्याच शाईत रिबन रंगवली की सगळं काम एका कुळातलं दिसतं. सुती टेप, रेशीम आणि रेयॉन ही शाई पितात. शाईत बुडवून, पिळून, मुठीत चुरगाळून तशीच वाळू दिली की सुंदर चुण्या पडतात. पॉलिएस्टर पाण्याची शाई घेत नाही, थेंब वरून ओघळतात. तिला अल्कोहोल इंक लागते, आणि ती वापरताना खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको. बाजारातून लाल किंवा मरून सुती रिबन आणलीत तर ओली करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रंग सोडत असेल तर दमट दिवसांत तो पानावर उतरणार.

माझं मत विचाराल तर रुखवताच्या वहीला विकतच्या सॅटिनपेक्षा आजीच्या किंवा आईच्या विरलेल्या साडीचे काठ लावा. मधलं कापड विरलं तरी काठ बहुधा शाबूत असतात. काठाला आतून थोडं कापड सोडून कापा, ते मागे दुमडून टीप घाला. जरीचा काठ जाड असतो, म्हणून तो प्रत्येक पानावर नको. मुखपृष्ठ, कणा आणि फार तर मधलं एक पान, बस. उरलेल्या पानांना त्याच रंगाची बारीक रिबन. हे सगळं ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात लेस-बटणांच्या दुकानांत मिळून जातं. साडीचा काठ बरोबर न्या आणि दुकानाबाहेर उजेडात रंग जुळवा. कागदासाठी एखादा दिवस काढून गिरगावात कांदेवाडीला, खाडिलकर रोडवर जा, लग्नपत्रिकांची पेठ आहे, कागदाचे पोत हातात घेऊन बघता येतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छापखान्यांकडे चांगल्या कार्डांची कतरण निघते, नम्रपणे विचारा.

आजीची मूळ पत्रं कापू नका, ताई, ही माझी आग्रहाची विनंती आहे. निळ्या आंतरदेशीय पत्रावरची पेनची शाई गोंदाच्या पहिल्याच हाताला पसरेल, आणि ते अक्षर परत मिळणार नाही. झेरॉक्स काढा. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने वितळून कागदाला बसलेली असते, पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत मात्र बहुतेक वेळा ओलाव्याने पसरते. वर्तमानपत्राच्या कात्रणांचंही तेच करा, तो कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. झेरॉक्स पातळ चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली की जुन्या पत्राचा रंग येतो. फोटो कोपऱ्यांच्या खाचांत अडकवा, म्हणजे कधी काढावासा वाटला तर सुखरूप निघेल.

चिकटवायला पातळ कागदांना ग्लू स्टिक, जाड थरांना दुहेरी टेप, पुठ्ठ्यावर कापड चढवायला फेविकॉल ब्रशने एकसारखा पसरून. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका. रबरी सोल्युशनही नको, काही वर्षांत त्याचे तपकिरी डाग वर येतात.

बांधणी करताना प्रत्येक पानाच्या कण्याकडे दोन सेंटिमीटर रुंदीची कार्डाची पट्टी चिकटवा. रिबन आणि फोटोंमुळे पानांचा पुढचा भाग जाड होतो, पट्ट्या नसतील तर वही तोंड वासून उघडी राहते. जुजबंदी, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे शिवून केलेली बांधणी, येत नसेल तर भोकं पाडून त्याच काठातल्या रंगाच्या दोऱ्याने शिवा.

जी पानं आधीच वाकली आहेत, त्यांच्यावरची रिबन हळूच सोडवा आणि पाठीमागून फवारा मारून वर सांगितल्याप्रमाणे दाबाखाली घाला. विरघळणाऱ्या शाईची असतील तर फवारा अगदी धुक्यासारखा हवा, आणि आधी एका कोपऱ्यावर करून बघा. ज्यांची रेघ पसरली आहे त्यांतला चांगला भाग निवडून कापा आणि नव्या आयव्हरीवर चढवा. त्यात वाया जाण्यासारखं फारसं निघणार नाही. रंगाची नवी पानं ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर सुरू केलीत तरी मार्गशीर्षापर्यंत वेळ पुरेल. तोवर कापणं, घोटणं, शायांची पट्टी आणि काठांच्या टिपा उरकून घ्या, आणि कागद सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात आडवे ठेवा.